माझी खरखर दाबली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना वॉकीटॉकी आहे. जुना आहे, पण बहिरा नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण तो शब्द मला फार लागला आहे.

एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर मी आणि माझा जुळा भाऊ तयार झालो आणि एका धरणावर कामाला लागलो. मी वर, पाण्याचे दरवाजे चालवणाऱ्या दादाच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला. भाऊ खाली नदीच्या वळणापलीकडे, दादाच्या धाकट्या बहिणीच्या हातात. दरवाजा उघडण्याआधी नदीच्या पात्रात कोणी नाही ना, हे बघणं तिचं काम. "दादा, पात्र मोकळं," असं ती म्हणाली की मगच दादा बटण दाबायचा. तिचा आवाज मी वळणापलीकडून अगदी खणखणीत आणायचो. "काय कान आहेत याचे!" असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि मी खिळ्यावर फुगून जायचो.

मग खोलीत नवी नवलाई आली. स्वस्तातले झगझगीत दिवे, कॅमेऱ्यांचे स्क्रीन, चार्जरची रांग. माणसांना ती सगळी मुकी वाटत. माझ्या कानाशी मात्र त्यांची अखंड किरकिर सुरू झाली. भाऊ पूर्वीइतक्याच जोरात बोलत होता. पण भरल्या बाजारात कोणी लांबून हाक मारावी, तसं माझं झालं. वळणापलीकडचं बोलणं आधी तुटक येऊ लागलं, मग नुसतीच खरखर.

"म्हातारा बहिरा झालाय, वर डोकं उठवतो," म्हणत दादानं माझं खरखर दाबायचं बटण पार पिळलं. खोली शांत झाली. सगळे खूश! पण खरखरीबरोबर किरकिरीत दुबळे पडलेले आवाजही दाबले गेले, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढे दादानं आणि बहिणीनं आपसात ठरवूनच टाकलं, की अडचण असली तरच बोलायचं. गप्प म्हणजे मोकळं.

त्या दुपारी धरण काठोकाठ भरलं होतं. दादानं भोंगा वाजवला, जरा वाट पाहिली. मी गप्प. "चला, मोकळं आहे," म्हणत त्यानं बटणाकडे बोट नेलं, आणि वीज गेली.

"आत्ताच जायचं होतं का हिला!" असं करवादत तो हातानं फिरवायच्या चाकाकडे वळला. खोलीतली किरकिर थांबली होती. माझ्या पोटात बॅटरी होती, मी जागाच होतो. एकदम माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

"दादा, थांब! अरे, ऐकतोयस का? मी पात्रात आहे! एका आजोबांचा पाय दगडांत अडकलाय! भोंगा झाल्यापासून ओरडतेय मी!"

चाकाकडे गेलेला हात दादानं झटकन मागे घेतला. मला खिळ्यावरून ओढून काढलं. भोंगा झाल्यापासून! म्हणजे ती जिवाच्या आकांतानं हाका मारत होती आणि मी इथे निवांत लटकत होतो!

"बये... तू आत आहेस?" दादानं विचारलं. "सावकाश काढ त्यांना. मी कशाला हात लावत नाही."

बऱ्याच वेळानं ती काठावरून बोलली, "निघालो बाबा दोघंही. दादा, आता पात्र..."

वीज आली. दिवे लागले आणि तिचा आवाज वाक्याच्या मध्येच बुडाला. दादा डोळे फाडून माझ्याकडे बघतच राहिला. मग दिव्यांकडे. त्यानं भराभरा दिव्यांची, स्क्रीनची सगळी बटणं बंद केली.

"...मोकळं आहे. अरे, ऐकू येतंय ना?"

"येतंय बये, आता येतंय," दादा म्हणाला.

आता ते दिवे आणि चार्जर पलीकडच्या खोलीत गेले आहेत. माझं बटण सैल केलं आहे. मी थोडा खरखरतो, पण कोणी कुरकुर करत नाही. "मोकळं" हा शब्द कानांनी ऐकल्याशिवाय दादा जागचा हलत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपायचं तर नुसतं फडक्यानं पुसू नका, आमच्याभोवतीचा कल्लाही कमी करा. आणि मी गप्प दिसलो तर सगळं ठीक आहे असं समजू नका, आधी विचारा. ती दुपार आठवा. मी गप्प होतो आणि ती ओरडत होती.