शिखराची सावली

डोंगरावरचा रेडिओ मंगळवारी मेला. बॅटरी उतरली, हिरवा दिवा गेला आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंचा संबंध तुटला. असं काहीही झालेलं नाही. कागदावर तशी नोंद नाही, आणि कागदावर नसलं की मेलेला रेडिओसुद्धा ठणठणीत असतो. तेव्हा वरचं वाचलंच नाही असं धरून चालू.

रेडिओ सांभाळणारा मेकॅनिक बावन्न वर्षांचा होता, त्याचे गुडघे त्याहून थोरले. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात त्याची मोठी बहीण नर्स होती आणि ती अजून त्याला बाळ्या म्हणायची. तिथून शहरात फोन लागत नसे. म्हणून माथ्यावर एक लोखंडी पेटी, पेटीत रेडिओ नि दोन बॅटऱ्या, वर एक सोलर पॅनल. ताई तिकडून बोलली की पेटी ते ऐकून शहराकडे पाठवी आणि ॲम्ब्युलन्स निघे. वर्षातून सहा वेळा, फार तर सात. बाकी वेळ रेडिओ नुसता कान लावून बसलेला. कान लावायला वीज नावापुरती लागते, बोलताना मात्र तो घटाघटा पितो. पॅनल बसवणाऱ्याने हिशोब धरला होता रोज दोन मिनिटांच्या बोलण्याचा.

मग रेडिओ देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. ज्या संचाचा वापर रोज सरासरी पाच मिनिटांहून कमी, तो काढून गरजेच्या ठिकाणी हलवण्यात येईल. बोलायचं बटण किती वेळ दाबलं गेलं, ते पेटीतलं मीटर मोजायचं. कोण वाचलं ते मोजणारं मीटर अजून निघालेलं नाही.

"मग बोलू या की रोज पाच मिनिटं," ताई रेडिओवर म्हणाली.

"ताई, बॅटरी दोन मिनिटांची आहे. त्यात थंडीत दीड वाजताच दक्षिणेच्या शिखराची सावली पडते पॅनलवर."

"आणि रेडिओ नेला तर? पेशंट आला की मी काय शिट्टी मारू?"

तीस वर्षं बॅटऱ्या हाताळलेला माणूस, गणित बोटांवर. पण ताईपुढे त्याचं गणित लहानपणापासून कच्चं. तो हो म्हणाला.

पहिले चार दिवस घरच्या गोष्टींवर निघाले. त्याच्या बायकोचा दात, भाच्याची नोकरी, पुन्हा दात. पाचव्या दिवशी विषय संपले. मग ताई कपाटातल्या औषधांच्या तारखा वाचून दाखवू लागली. तो इकडे कार्यशाळेत बसून "हं" म्हणे. "हं" म्हणायलाही बटण दाबावं लागतं, त्यामुळे तेही मोजलं जाई. एकदा तिचा घसा बसला होता, तर तिने नुसतंच बटण दाबून धरलं आणि पाच मिनिटं दवाखान्यातलं घड्याळ डोंगर ओलांडून टिकटिकत राहिलं. घड्याळालाही वीज तेवढीच लागते.

सव्वा महिन्याने अभिनंदनाचं पत्र आलं. वापर समाधानकारक. त्याच आठवड्यात तीन दिवस ढग राहिले. चौथ्या दिवशी, म्हणजे जो मंगळवार झालाच नाही त्या मंगळवारी, एका सुताराच्या छातीत कळ आली. ताईने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिने सुताराला दुधाच्या टेम्पोत कॅनांमध्ये आडवं केलं आणि अडीच तास त्याचं मनगट धरून बसली. टेम्पो वाटेत नऊ ठिकाणी थांबला, कारण दूध कोणासाठी थांबत नाही.

सुतार वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याची तक्रार एवढीच, की एक कॅन गळत होता.

इस्पितळातून ताई थेट कार्यशाळेत आली आणि स्टुलावर बसली. कपड्यांवर दूध वाळलेलं.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"मी हो पण म्हटलं होतं."

मग त्याने चहा ठेवला आणि पुन्हा दाताचा विषय निघाला. या वेळी मीटर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भरलेली बॅटरी पाठीला बांधून वर गेला. सत्तावीस किलो, चार तास. जोडली, दिवा लागला. दीडच्या ठोक्याला शिखराची सावली येऊन पॅनलवर बसली. कार्यालयात इतकं वेळेवर कोणी येत नाही.

"बंद पडला असं लिहिलंत, तर ही वर्षातली तिसरी वेळ," कार्यालयातल्या फाईलवाल्या बाई म्हणाल्या. "एकदा उंदीर, एकदा वीज पडली, आणि आता हे. तिसऱ्या वेळेला संच काढतात."

"दुसरं पॅनल मागू?"

"ते जास्त वापराच्या ठिकाणी देतात. रोज दहा मिनिटं."

"बाई, तो जास्त बोललं की बंद पडतो."

"बंद पडला की काढतात," बाई समजुतीने म्हणाल्या. मग त्यांनी खणातून एक पिवळा फॉर्म काढला. "अडथळ्याचा अर्ज करा. झाड, भिंत, जाहिरातीचा फलक, इतर. अडथळ्यामुळे बंद पडलं तर ते बंद पडणं धरत नाहीत. आणि अर्ज प्रलंबित असेपर्यंत संचाला कोणी हात लावत नाही. वापर कितीही कमी असू दे."

"किती दिवस राहतो प्रलंबित?"

"माझ्याकडे एका झाडाचा आहे. झाड वाळलं, पडलं, लोकांनी जाळून संपवलं. अर्ज चालू आहे."

संध्याकाळी त्याने ताईला रेडिओवर कळवलं.

"म्हणजे आता रोज बोलायचं नाही," ताई म्हणाली.

"नाही. फक्त पेशंट असला तर."

"आणि मंजूर झाला अर्ज तर?"

"तर सावली जाईल. मग बोलू."

तिने बटण सोडलं नाही. "मी खोकल्याच्या औषधापर्यंतच पोचले होते रे," ती म्हणाली.

"ताई, बटण सोड. बॅटरी."

तिने सोडलं. त्याने फॉर्म पुढे ओढला, 'इतर'समोर खूण केली आणि चांगल्या अक्षरात लिहिलं:

विषय: अडथळा दूर करणेबाबत.

महोदय, वरील संचाच्या दक्षिणेस असलेले शिखर हिवाळ्यात दुपारी दीडनंतर पॅनलवर सावली पाडते. तरी सदर शिखर माथ्याकडून अंदाजे साठ फूट कमी करून मिळावे. त्यास विलंब लागणार असल्यास, तोपर्यंत ते किमान दीड ते चार या वेळेत रोज बाजूला घेण्यात यावे, ही नम्र विनंती.