गोटूच्या मगात साचलेलं पाणी

मित्रांनो, माझं वय झालं म्हणावं की नाही, कोण जाणे. मी दोनच उन्हाळे पाहिले आहेत. मी एक सक्युलंट आहे, म्हणजे जाड पानांत पाणी साठवून ठेवणारं, तुमच्या मुठीएवढं झाड. तळेगावच्या एका नर्सरीत, आईच्या गळून पडलेल्या पानापासून मी रुजलो. वाळू मिसळलेली भुसभुशीत माती, भरपूर ऊन आणि कधीतरी घोटभर पाणी. मजेत होतो.

मग ऋताच्या बाबांनी मला मारुंजीच्या भाड्याच्या घरी आणलं. ऋता दुसरीतली. नव्या सोसायटीत तिला अजून कुणी खेळायला घेत नव्हतं. तिने माझं नाव ‘गोटू’ ठेवलं आणि बाबांना कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत मिळालेल्या चकचकीत मगात मला लावलं.

“गोटू, आज पण मला लंगडीत घेतलं नाही रे,” ती सांगायची. “तू आहेस म्हणून बरं.”

पाहुणे आले की ती मला टीपॉयवर मिरवायची. सगळे कौतुक करायचे. मगाला खाली भोक नाही, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पुढे ऋताची आजी, यशोदाबाई, राहायला आल्या. देवाच्या आंघोळीचं पाणी गावी त्या जास्वंदीला घालायच्या. इथे गॅलरीत मी एकटाच. रोज सकाळी ते पाणी माझ्या वाट्याला येऊ लागलं.

“आई, त्याला इतकं पाणी चालतं का?” ऋताच्या आईने, पूनमने, भीत भीत विचारलं.

“देवाचं पानी हाय गं! ते कुनाला बाधत न्हाई. का मोरीत वतू?”

पूनम पुन्हा आपल्या कामाला लागली.

माझी मुळं गुदमरली. पानं मऊ पडली, पिवळी झाली. पूनमच्या जिवाला घोर लागला. तिला वाटलं, ऊन फार आहे, गोटू तहानला असेल. मग तीही दुपारी पाणी घालू लागली. संध्याकाळी ऋता आपल्या बाटलीत उरलेलं ओतायची. तिघींचीही माया खरी होती. पण मातीत बोट घालून एकीनेही पाहिलं नाही.

काल ऋताने मला नुसतं गोंजारलं आणि मी मुळांपासून सुटून तिच्या हातात आलो. माझं खोड काळं पडून कुजलं होतं.

“आई, मी तर रोज पाणी दिलं ना गं?”

पूनमने तिला जवळ ओढलं.

“व्हय गं बाळा,” यशोदाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, “आपन समद्यांनीच दिलं.”

मित्रांनो, आता माझे थोडेच दिवस उरले आहेत. माझ्यासारखं झाड घरी आणलंत, तर एवढं करा. कुंडीला भोक आहे ना ते पाहा. मातीत बोट घाला आणि अगदी कोरडी लागली तरच पाणी द्या. तहान आम्ही पुष्कळ सोसतो. पण कुणी मायेने ओतायलाच लागलं, तर ‘आता पुरे’ म्हणायला आम्हाला तोंड नाही.