पाय भारी

"बाई, पाय भारी झाले की आत पोरगा हाये का पोरगी, हे कशावरून समजते?"

हे विचारून दाखवायची पैज वर्गातल्या शामकलेने लावली होती. पंधरा ऑगस्टला सगळ्या गोरेगावासमोर भाषण ठोकल्यापासून पैज नाकारणे प्रेमिलाला जमेनासे झाले होते. देवीची लस टोचून घ्यायला दंड पुढे करून तिने ठणठणीत आवाजात विचारले आणि रांगेतल्या पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. गोंदियाहून शाळेत आलेल्या नर्सबाई हसल्या नाहीत. दिवसभर पोरींचे दंड धरून त्यांचे खांदे उतरले होते.

"कोणाचे पाय?"

"माह्या मायचे."

मग प्रेमिलाने हातवारे करून सगळे सांगितले. तीन महिन्यांपासून मायच्या पोटात अन्न ठरत नव्हते. विहिरीवर ती शेजारच्या रुख्माकाकूला एवढेच म्हणाली, पाय भारी झाले वो माहे. दुसऱ्याच दिवशी काकूने लिंबाचे लोणचे पाठवले आणि बाबाने आढ्यावरचा पाळणा खाली काढला. माय नाही नाही म्हणत होती. या वयात लाजते, असे म्हणून बायकांनी ते हसण्यावारी नेले.

नर्सबाईंनी सुई बाजूला ठेवली. पोट साफ होते का, विचारले. चार-चार दिवस नाही. चालते कशी? हे सांगताना प्रेमिलाला पुन्हा हसू आले. माय चालली की ओल्या सारवणावर अंगठ्याच्या रेघा उमटत, कोंबडीने उकरल्यासारख्या. परवा तर टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि तिला पत्ताच नाही. रक्ताचे ठसे प्रेमिलानेच दाखवले तेव्हा...

इथे तिचे हात आपोआप खाली आले.

"आणि लघवीला?"

"सकाळी गेली की लवकर येतच नाही," प्रेमिला हळूच म्हणाली.

"पोटुशी बाई दमते, पोरी. पण तिला काटा कळतो." नर्सबाईंनी आवाज उतरवला. "पायातली ताकद चालली, लघवी अडायला लागली, वर खाल्लेलं ठरत नाही. हे सगळं एकत्र आलं की काढे पाजत घरी बसायचं नाही. कशानं झालं ते मोठ्या दवाखान्यातच पाहतील."

"बरी होईल ना?"

नर्सबाईंनी घड्याळाकडे पाहिले.

"गोंदियाची शेवटची मोटर किती वाजता असते?"

घरी तिचा बाबा चैतराम ओसरीवर पाळण्यासाठी अंबाडीचा दोर वळत बसला होता. वळता वळता गुणगुणत होता. लेकरू म्हटल्यापासून तो असाच होता. आत माय, धुरपता, भिंतीला टेकून सुपातले तांदूळ निवडत होती. पाय समोर पसरलेले, कोणीतरी ठेवून गेलेल्या सामानासारखे.

प्रेमिलाने दप्तरातून टाक काढला. मायच्या पायाशी बसून निबचे टोक अंगठ्यावर टेकवले, मग दाबले. निळा ठिपका उमटला, त्याभोवती लाल. धुरपताने एक खडा वेचून बाजूला टाकला, मग दुसरा.

"माय, काही समजलं?"

"काय वो?"

ओसरीवरचे गुणगुणणे थांबले. चैतराम दोर हातात घेऊनच दारात आला आणि तो ठिपका पाहत राहिला.

"काऊन नाही सांगितलं, माय?"

"पायाचंच तं सांगून राहिली होती." धुरपताने सूप खाली ठेवले. "तुमी सारे हासत होते. मंग म्हटलं, असू द्या. पोटुशी म्हणून दुपारची निजली तं कोणी बोल लावत नाही."

चैतरामने खाकरून पाहिले.

"रुख्मावहिनी तं म्हणे तिसरा महिना..." दोराचा पीळ त्याच्या हातात हळूहळू उलगडत गेला.

प्रेमिलाने मायचे नऊवारी धडोते खुंटीवरून काढून दप्तरात कोंबले. पुस्तके कोनाड्यात रचली. भाषणाच्या वेळी उभी राहिली होती तशीच ती मधोमध उभी राहिली, पण आवाज तितका मोठा निघाला नाही.

"बाबा, बैल बंडीला जुंपा. आजच्या शेवटच्या मोटरनं मी मायला गोंदियाच्या दवाखान्यात नेऊन राहिली. आन् तिथं कोणी विचारलं तं पाय भारी म्हणायचं नाही. पाय मेले म्हणून सांगायचं."