चादरीखालची पावलं

१९६८ साली नदीवरचा पूल खचला, त्या सालची ही गोष्ट. पलीकडच्या मोठ्या दवाखान्याशी गावाचा संबंध होडीपुरता उरला आणि अलीकडच्या लहान दवाखान्यात रक्ताची बाटली मिळेनाशी झाली. म्हणजे आधी तरी कुठे ढीग लागले होते म्हणा!

या दवाखान्याचं धुणं मावशीकडे होतं. डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. हाताखाली नवी बाई आली की तिचा पहिला धडा ठरलेला, "रक्ताला गार पाणी. गरम घातलंस की डाग जन्माचा धरला म्हणून समज."

पूल खचण्याच्या काही वर्षं आधी मावशीची एकुलती एक लेक इथंच, कोपऱ्यातल्या खाटेवर, बाळंतपणात गेली होती. मूल जगलं, पण रक्त थांबेना. जावई घड्याळं दुरुस्त करणारा. तो रक्ताची बाटली आणायला बर्फाचा थर्मास घेऊन मोठ्या दवाखान्याकडे धावला. इकडे मावशीनं बाही वर केली, "माझं घ्या. लागेल तेवढं घ्या." डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर मायलेकींचं रक्त थेंबभर कालवलं. ते नासक्या दुधासारखं कणीकणी झालं.

"मावशी, तुमचं तिला चालणार नाही. दिलं तर त्यानंच जाईल."

नऊ महिने पोटात चाललं आणि आता चालत नाही? मावशीच्या गळी ते कधी उतरलं नाही. जावई बाटली घेऊन परतला, तेव्हा ती लेकीच्या खाटेवरची चादर गार पाण्यात बुडवत होती.

तेव्हापासून मागच्या अंगणात चादरी वाळत घातल्या की मावशीला त्यांच्याखाली पावलं दिसायची. दोनच. डावं जरासं आत वळलेलं, लेकीचं होतं तसं. मावशी त्यांच्याशी बोलायचीसुद्धा, "आज खळ जास्त झाली बघ," असं काहीबाही. चादर मात्र तिनं कधी बाजूला सारली नाही. सारली आणि पलीकडे कुणी नसलं तर?

जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. गेलेलीला सगळे थोरली म्हणू लागले, आलेलीला धाकटी. नात चिमी धाकटीलाच आई म्हणायची. मावशी नातीला भेटायला जाई ती उंबऱ्याबाहेरच उभी राही, धाकटीच्या हातचं पाणीही घेत नसे. धाकटीही काही कमी नव्हती. "आत या म्हटलं की यांचे पाय दुखतात," असं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची.

पूल खचला त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, धाकटीला त्याच कोपऱ्यातल्या खाटेवर आणलं. मुलगा झाला आणि रक्त थांबेना. जावई तोच थर्मास घेऊन होडीकडे पळाला. दोरीशी उभ्या मावशीनं त्याची पाठ पाहिली, आणि हातातली ओली चादर मातीत पडली.

सिस्टर अंगणात आली. "मावशी, चला. दिराचं जुळलं नाही, माझं जुळलं नाही, औषधवाल्याला कावीळ होऊन गेलीय. तुमचं बघायचंय."

"माझ्या पोटच्या गोळ्याला जे चाललं नाही, ते सवतीला चालणार होय?"

"सवत तुमची नाही, गेलेलीची."

"मग गेलेलीला विचार जा."

"तुम्हीच विचारून या," सिस्टर म्हणाली, "पण लवकर या. फार वेळ नाही तिला."

मावशीनं चादरींखाली पाहिलं. पावलं नव्हती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

 ती आत निघाली. पायरीवर चिमी बसली होती, मांडीवर धाकटीच्या चपला घट्ट धरून.

"आजी, घरी जाताना आईला चपला लागतील ना?"

मावशीनं चालता चालताच बाही वर केली. 

फरशीवरचं रक्त या वेळी एकजीव राहिलं. "जुळलं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नीट बघा बाई, कणी येईल."

"नाही आली, मावशी."

मावशी त्या थेंबाकडे बघत राहिली. "मेल्या," ती त्याला म्हणाली, "तेव्हा कुठे गेला होतास?"

शेजारच्या खाटेवर आडवं करून तिच्या हातात सुई घातली. बाटली भरत आली तशी धाकटीनं डोळे उघडले. ओठ पांढरेफटक पडले होते.

"ती आलीय," धाकटी पुटपुटली. "माझ्या पायाशी उभी आहे. पाठमोरी. डावं पाऊल आत वळलंय. न्यायला आलीय मला."

"बरळतेय," सिस्टर म्हणाली.

 धाकटीनं थोरलीला कधी पाहिलं नव्हतं. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. मावशीनं मान उचलून पाहिलं. खाटेच्या पायाशी तिला लोंबणारी चादर तेवढी दिसली. पण तिकडेच बघत ती बोलली, पूर्वी लेकीला न्हाऊ घालताना बोलायची त्या आवाजात.

"बाळे, तुला माझं चाललं नाही गं. तुझ्या चिमीच्या आईला चालतंय. देऊ दे मला. हो बाजूला."

अजून कोमट असलेली बाटली धाकटीच्या उशाशी टांगली गेली. थेंब पडू लागले. 

"गेली," बऱ्याच वेळानं धाकटी म्हणाली.

तेव्हा मात्र मावशीला रडू फुटलं.

संध्याकाळी जावई आला. थर्मासातल्या बर्फाचं पाणी झालं होतं, पण बाटली शाबूत होती. तीही चढवली. धाकटी जगली. दुसऱ्या दिवशी मावशीनं कोपऱ्यातल्या खाटेची चादर गार पाण्यात धुऊन दोरीवर टाकली आणि वाकून पाहिलं. खाली नुसतं ऊन होतं. त्यानंतर पावलं कधीच दिसली नाहीत. मावशी दोरी थोडी थोडी वर बांधत गेली, जरा जास्त दिसावं म्हणून.

पुढे पूल नवा झाला. डॉक्टरीणबाईंची बदली झाली, आणि फरशीचा तो तुकडा सिस्टरनं निवृत्त होईपर्यंत जपला. जावयाचे डोळे अधू झाले, दुकान मिटलं. मुलगा त्याच पुलावरून मालमोटार हाकतो, आणि बापासारखाच कुठेही वेळेवर पोचत नाही, असं धाकटी म्हणते. चिमी टेलिफोन खात्यात लागली. मावशी थकली तेव्हा धाकटीनं तिला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं. शेवटपर्यंत ती तिथेच होती, धाकटीच्या हातचं पाणी पीत, तिला चादरीखालच्या पावलांचं सांगत.

मावशी गेली त्या दिवशी तिची चादर धाकटीनं दुसऱ्या कुणाला धुऊ दिली नाही. गार पाण्यात स्वतः धुतली, परसात दोरीवर टाकली, आणि वाकून खाली पाहिलं. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग चादर न सारता हळूच घरात आली.