बाहेरचा माणूस पाहिजे

इंद्रजितने श्रावणच्या फॉर्मवरचं गावाचं नाव दोन रेघा मारून खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं, 'बालाघाट'.

"मी कधी गेलो नाही बालाघाटले," श्रावण म्हणाला.

"तुले तिथं जायाचंच नाही. वॉशरीच्या गेटवर उभं राह्याचं हाये."

वणीच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत इंद्रजितची एजन्सी होती. कंपन्यांना वॉचमन पुरवायचे हा त्याचा धंदा. माणसं तो पोलीस भरतीच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उचलायचा, बसस्टँडच्या खांबांवर कागद चिकटवायचा, आणि कामावर असलेल्यांना, 'ओळखीचा कोणी रिकामा आहे का?' असं अधूनमधून विचारत राहायचा. श्रावण ग्रुपवरचा मेसेज वाचून आला होता. भरतीत तीन वेळा धावला होता. तिसऱ्या वेळी दोन गुणांनी राहिला. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोललं नव्हतं, आणि तेच त्याला जड जात होतं.

कोळसा धुण्याची ती वॉशरी त्याच्या गावापासून चार किलोमीटरवर होती. ती उभी राहिली तेव्हा गावाने नोकऱ्या मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. मग कापसावर काळी धूळ बसायला लागली तेव्हा गावाने दोनदा रस्ता अडवला. तेव्हापासून आसपासच्या गावांतला एकही माणूस पाठवायचा नाही, असं कंपनीने एजन्सीला तोंडी बजावलं होतं.

"कंपनीले बाहेरचा माणूस पाहिजे," इंद्रजित पेनाला टोपण लावत म्हणाला. "लोकल माणसाकडं आज लग्न, उद्या मयत. अन् गावच गेटवर आलं तं तो कोणाकडून उभा राह्यल? तुहं आधार कार्ड माह्यापाशी राह्यल, तिकडं फक्त यादी जाते. गेटवर हिंदीच बोलजो. घरी सांगू नको. एकाले कळलं का गावाले कळते."

"मंग घरी काय सांगू?"

"पुणं सांग. सारे पुण्यालेच जातात."

श्रावणने पुणं सांगितलं. त्याचा बाप उकंडा वणीच्या बसपर्यंत पोचवायला आला. त्याने पिशवी स्वतः वर चढवली, खिडकीशी उभा राहिला आणि बस हलताना एवढंच म्हणाला, "पोचला का फोन करजो." दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीच्या खोलीतून, बाजूला तीन जण झोपलेले असताना, श्रावणने पोचल्याचा फोन केला.

पाच महिने निभावले. गेटवर कोळशाची भुकटी इतकी उडायची की सगळेच वॉचमन नाकावर काळा रुमाल बांधून असत. टोपी आणि रुमालाच्या मधे फक्त डोळे उरायचे. ट्रकवाले त्याला भैया म्हणत. गावातलं कोणी मोटरसायकलवरून समोरून गेलं तरी तो रजिस्टरवर मान खाली घाली. दर रविवारी तो घरी फोन करी आणि पुण्याबद्दल विचारलं की इंटरनेटवर पाहिलेलं काहीबाही सांगे.

डिसेंबरात एका सकाळी दहाच्या सुमाराला आत जाणाऱ्या ट्रकांची रांग अचानक तुटली. फाट्यावर कोणीतरी कोळशाच्या ट्रकखाली आलं, असं एक क्लीनर धावत येऊन सांगून गेला. तासाभरात ट्रॅक्टर आला. मागे सगळं गाव चालत होतं. ट्रॉलीत पुंडलिकराव बसले होते आणि त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली त्यांची मुलगी अपेक्षा होती. चादरीबाहेर शाळेचा एक बूट दिसत होता. दुसऱ्या पायात बूट नव्हता.

अपेक्षा दहावीत होती. गेल्या उन्हाळ्यात ती वही घेऊन श्रावणच्या ओट्यावर यायची. उकंडा पुंडलिकरावांच्याच शेतात कामाला होता, त्यामुळे घरचंच येणंजाणं होतं. त्रिकोणमिती तिला जमत नसे. चुकलं की ती स्वतःच हसायची आणि पान फाडून टाकायची.

मॅनेजर केबिनमधून धावत आला आणि त्याने गेट आतून लावायला लावलं.

"व्हिडिओ निकाल सबका," तो श्रावणला म्हणाला. "चेहरे साफ आने चाहिए. तू बाहर का है, तुझे किस का लिहाज?"

श्रावणने मोबाइल समोर धरला. पडद्यावर एकेक चेहरा येत होता आणि सगळे ओळखीचे होते. ज्यांनी त्याला नाल्यात पोहायला शिकवलं ते. ज्यांच्या दुकानातून तो उधारीवर पेन आणायचा ते. गेटसमोरच्या काळ्या मातीत अपेक्षाची आई, बेबीताई, फतकल मारून बसली होती. ती रडत नव्हती. ती चादरीचं एक टोक हातात घेऊन त्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मागून एक दगड आला आणि वजनकाट्याच्या केबिनची काच फुटली.

मग पडद्यावर उकंडा आला.

तो गर्दीतून सरळ गेटपर्यंत चालत आला. आधी त्याने मोबाइलकडे पाहिलं. मग मोबाइल धरलेल्या हाताकडे, आणि मग वर. रुमालाच्या वर उरलेल्या दोन डोळ्यांवर त्याची नजर थांबली. श्रावणला हात खाली घेता येईना.

"इचार त्याले, पाणी तरी देते काय!" मागून कोणीतरी ओरडलं.

उकंडाचं तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात कधी न बोललेल्या हिंदीत तो म्हणाला,

"भैया... उस की माँ है वो. थोडा पानी मिलेगा क्या?"

"देता हूँ," श्रावण म्हणाला.

ड्रममधून जग भरताना बरंच पाणी बाहेर सांडलं. गेटच्या गजांमधून उकंडाने तो जग दोन्ही हातांनी घेतला, किंचित वाकून, साहेबाकडून घ्यावा तसा. आणि पाठ फिरवून बेबीताईकडे गेला.

दुपारी तहसीलदार आले, बोलणी झाली, दिवस कलायच्या आत ट्रॉली परत फिरली. श्रावण संडासात कडी लावून उभा राहिला आणि त्याने व्हिडिओ पाहिला. सगळाच पुसून टाकावा म्हणून अंगठा बराच वेळ पडद्यावर धरून ठेवला. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला, "भेजा क्या?" श्रावणने बापाचा चेहरा जिथे जिथे होता तेवढे तुकडे कापले आणि उरलेलं पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी नऊ जणांवर गुन्हा दाखल झाल्याचं कळलं. रस्ता अडवला, काच फोडली, कामगारांना धमकावलं. पुंडलिकरावांचं नाव पहिलं होतं. त्याच संध्याकाळी इंद्रजितचा फोन आला. आवाज खूश होता.

"लय नाव काढलं गड्या तू. कंपनीनं तुह्यासारखे आणखी चार मागितले. तुह्या पाह्यण्यात हाये काय कोणी? चांगला, तोंड मिटून राहणारा?"

"नाही," श्रावण म्हणाला.

रविवारी त्याने घरी फोन केला नाही. दुपारी उकंडाचाच आला. उकंडा कधी स्वतःहून फोन करत नसे.

"ड्युटीवर हाये काय?"

"हो, बाबा."

"आपल्या पुंडलिकरावाची अपेक्षा गेली. तुले कळलं असन."

"कळलं."

"त्याच्यावरच केस झाली. नऊ लोकायले ठाण्यात बलावलं होतं." उकंडा उन्हात उभा असावा, मागे कोंबड्या कलकलत होत्या. "मी तं सगळ्यायच्या समोर होतो. पण यादीत माहं नाव नव्हतं. लोक इचारून राह्यले, उकंडा, तुहंच नाव काहून नाही? बेबीताई काही बोलत नाही. नुस्ती पाह्यते."

श्रावणने रुमाल गळ्यापर्यंत खाली ओढला.

"मंग काल मी गेलतो ठाण्यात. म्हटलं, साहेब, एक जण राह्यला, तो मी. लिहून घेतलं त्याइनं."

"बाबा, मी—"

"ऐक," उकंडा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "ते राखणदार बालाघाटचे हायेत म्हणते, सारं गाव म्हणते. मीही तसंच म्हणतो. तू पुण्यातच राह्य. सध्या इकडं येऊ नको."

समोर एक रिकामा ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवायला लागला. तो पलीकडे ऐकू गेला असावा, कारण उकंडा हॉर्न थांबेपर्यंत गप्प राहिला.

"थंडी हाये काय तिकडं?" त्याने विचारलं.

"हाये."

"अंगावर काही घेत जाजो," उकंडा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.