गाडी वाजली की भाकरी

अमोघची पांढरी गाडी तशी म्हातारीच. आधीच्या मालकानं वापरून वापरून पार खिळखिळी केलेली. पण हिंजवडीत नोकरी लागली तशी पोरानं ती घेतली, आणि पहिलं काम काय केलं, तर तिला रिमोटचं लॉक बसवलं! "अरं, आधी टायर बदल!" म्हणून विठ्ठलराव ओरडले. बापाचं ऐकतोय कोण? रोज संध्याकाळी गाडी अंगणात लागायची, रिमोट दाबला की टुंई वाजायचं, आणि ते ऐकून आत त्याची आई आशालताबाई तव्यावर भाकरी टाकायच्या. पोराला भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. जरा गार झाली की नाक मुरडायचा लेकाचा.

चैत्रातल्या एका सकाळी रिमोट दाबून दाबून त्याचा अंगठा दुखला, पण दार उघडेना. किल्ली लावून पाहिली, तर किल्लीचं कुलूप वापराविना गंजलेलं. ऑफिसला उशीर होत होता. मग अमोघ मित्राच्या मोटारसायकलवर मागं बसून गेला, आणि परत आलाच नाही. पोलिसांनी विठ्ठलरावांच्या हातात एक पिशवी ठेवली. तिच्यात त्याचं घड्याळ, पाकीट आणि तोच बंद पडलेला रिमोट होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. गाडी अंगणात उभीच. आणि एका संध्याकाळी गावाशेजारच्या धरणावरून वारं सुटलं तशी ती आपोआप वाजली. टुंई! ओसरीवर विठ्ठलराव दचकून उठले. आत भाकरी थापल्याचा आवाज आला. आशालताबाईंनी भाकरी केली, ताट वाढलं, झाकून ठेवलं, आणि सकाळी म्हशीला घातलं.

मग हे रोजचंच झालं. वारं सुटायचं, गाडी वाजायची, भाकरी तव्यावर पडायची. विठ्ठलरावांचं काळीज तीळतीळ तुटायचं. पोरगा तर गेलाच, आता बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, तीही हातची जाणार, असं त्यांनी मनाशी धरलं. ही मेली गाडी गप्प केली की बाई भानावर येईल, असं त्यांना वाटलं.

आशालताबाई कोळवणला बहिणीकडं गेल्या तो दिवस त्यांनी साधला आणि पौडहून रफीक मिस्त्रीला बोलावलं. आधी दारं उघडायला हवीत म्हणून रफीकनं रिमोट उघडला, आतला बटणाएवढा सेल काढून नवा घातला आणि दाबला. खट्! चारी दारं उघडली.

"एवढंच?" विठ्ठलराव म्हणाले.

"एवढंच व्हतं, नाना."

विठ्ठलरावांनी जुना सेल तळहातावर घेतला. एवढ्याशा सेलापायी! एवढ्याशा!

रफीकनं त्यांच्याकडं बघायचं टाळलं. दाराच्या बिजागरीपाशी वायरींवर रबर असतं, ते त्यानं मागं सारलं. "हितं बघा. वायरी सोलवटल्यात. वाऱ्यानं दार जरा हाललं की एकमेकीला चिकटत्यात, आन् गाडीला वाटतंय कुनीतरी बटण दाबलं." त्यानं वायरींना टेप गुंडाळली. "आता वाजायची न्हाई."

खरंच वाजली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारं सुटलं, गाडी गप्प. कोळवणहून परतलेल्या आशालताबाई परातीत पीठ घेऊन बसून राहिल्या. त्यानंतर तर त्यांनी चूलच पेटवली नाही. "भूक न्हाई," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! विठ्ठलरावांना काही सुचेना.

शेवटी ते गोठ्यात जाऊन उभे राहिले. खिशातून रिमोट काढला, गाडीकडं धरला आणि दाबला. टुंई!

मग आत परात सरकली. चूल पेटल्याचा वास आला. थप, थप, थप. विठ्ठलरावांनी म्हशीच्या पाठीवर डोकं टेकलं आणि ते लहान पोरासारखे रडले.

तोंड धुऊन घरात आले, तर ताट वाढून तयार. पण आज ते त्यांच्याच पाटापुढं होतं.

"खावा," आशालताबाई म्हणाल्या. "वारं पडलंय, तरी वाजली. तुमीच दाबलंत न्हवं?"

विठ्ठलरावांनी खिशातला रिमोट काढून पाटाशेजारी ठेवला.

"अवो, अमोघ दोनदा दाबायचा. एकदा लावायला, एकदा लागलंय का बघायला. ही एकदाच वाजायची. त्यो न्हाई, ते पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय मला. मी काय येडी हाय व्हय?"

"मग भाकरी कुनासाठी टाकत व्हतीस गं?"

"निमित्त लागतंय की तव्यापाशी बसायला. त्याच्याबिगर हातच उचलत न्हाईत माजं." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला विठ्ठलराव पुन्हा गोठ्यात गेले. रिमोट दाबला. टुंई! अंगठा तिथंच थांबला. दुसऱ्यांदा दाबणं हे पोराचं होतं. बापाच्यानं ते होईना. आत चुलीपाशीही काही हलेना.

मग आतून आवाज आला, "दाबा की वो अजून एकदा."

विठ्ठलरावांनी डोळे मिटले आणि दाबलं.