पाणी गरम आहे, हे सांगायचं राहिलं

मी एक चेतापेशी बोलतेय. उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाची. आवाज बारीक येत असेल तर सांभाळून घ्या. हल्ली माझं कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून तर जीव मुठीत धरून तुमच्यापुढे आलेय.

मी जन्माचीच घाबरट. चटका बसला की बोंब मारायची, हेच माझं काम. माझा धागा बोटाच्या टोकापासून मनगट, दंड, खांदा करत थेट पाठीच्या कण्यापर्यंत जातो. बोटाला गरम लागलं की त्यातून विजेची शिरशिरी धावते. पण कण्याशी माझा धागा संपतो. पुढच्या पेशीत आणि माझ्यात एक फट आहे. केसाहून कितीतरी बारीक, पण फट ती फटच, वीज ती ओलांडत नाही. मग मी रसायनाच्या इवल्या पुड्या त्या फटीत रिकाम्या करते आणि पलीकडची ते टिपून घेते. ती बाई मोठी शिष्ट! एका हाकेला ओ देत नाही. शेजारणींनी माझ्याबरोबर गलका केला, नाहीतर मी एकटीने भराभर हाका मारल्या, तरच ती मेंदूला कळवते.

माझे मालक लॉन्ड्रीत इस्त्री करायचे, तीस वर्षं. ओलं बोट इस्त्रीला टेकवायचे आणि चर्र झालं की म्हणायचे, "तापली!" मी इकडे जिवाच्या आकांताने ओरडायची आणि हे आपले खुशाल शीळ घालायचे.

मग मनगटाचं दुखणं सुरू झालं. तिथे हाडांमधून एक चिंचोळी वाट आहे, आम्ही सगळ्याजणी दाटीवाटीने तिथून जातो. जड इस्त्री आवळून धरून धरून तिथे सूज आली आणि आमच्या धाग्यांना फासच बसला. आधी मुंग्या आल्या. मालकांनी हात झटकला. मग बोटं जड झाली. परत झटकला. माझ्या शेजारणी एकेक करून गप्प होत गेल्या. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि मालकांना पत्ताच नाही! चर्र तर कानाला ऐकू येत होतं ना. बोट मुकं झालं तरी इस्त्री तापलेली कळतच होती. "आताशा चटकासुद्धा बसत नाही," ते शेजारच्या शिंप्याला म्हणाले, "बोट पोलादी झालंय बघ."

"डॉक्टरांना दाखव, लेका."

"हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार!"

त्यातच त्यांची लेक तीन महिन्यांच्या चिमीला घेऊन राहायला आली. एका सकाळी मालक म्हणाले, "आज हिची आंघोळ माझ्याकडे."

"पाणी कोपराने बघा हं, बाबा," लेक म्हणाली.

"तीस वर्षं इस्त्री तपासली या बोटाने, आणि मला कोपर शिकवतेस?"

लेक हसत टॉवेल आणायला गेली. मालकांची नुकतीच आंघोळ झालेली, सगळीकडे वाफच वाफ. त्यांनी टबात पाणी सोडलं आणि बोट बुडवलं. पाणी कढत होतं! पण पाण्याचं कुठे चर्र होतं? मी ओरडले. पुन्हा ओरडले. मनगटातून दहातली एखादीच हाक पार होत होती. पलीकडची ती एक टिपून घ्यायची, वाट बघायची आणि शांत व्हायची. अगं बाई, ऐक गं, ऐक! मेंदूपर्यंत काहीच गेलं नाही.

"कोमट आहे," मालक म्हणाले आणि त्यांनी चिमीला खाली न्यायला सुरुवात केली.

तिच्याखाली त्यांचा डावा हात होता. पाण्याला आधी त्याची पाठ लागली. तिथल्या पेशी ठणठणीत. त्या अशा किंचाळल्या की कण्याने मेंदूला न विचारताच हुकूम सोडला, हात मागे घे! कण्याची ही जुनी सवय, आधी हात ओढायचा, विचार नंतर. पण हात ओढला तर पोर पाण्यात! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. नशीब, पोर हातात आहे हे मेंदूला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या काही पेशींच्या पुड्यांत वेगळंच रसायन असतं. ते पुढच्या पेशीला चेतवत नाही, दामटून गप्प बसवतं. त्या पेशी तो हुकूम अडवून बसल्या. हात कढत पाण्यात थरथरला, पण सुटला नाही. मालकांनी चिमीला वर उचललं.

लेक धावत आली, तिने चिमीला छातीशी घेतलं. चिमीला काही झालं नव्हतं. मालकांचा डावा हात लालभडक झाला होता. ते लहान पोरासारखे रडले. "बोट बुडवलं होतं गं मी. काही कळलंच नाही मला."

तिने त्यांचा हात गार पाण्याच्या नळाखाली धरला. "कधीपासून, बाबा?"

"झालं असेल वर्ष."

डॉक्टरांनी मनगट ठोकून पाहिलं, बारीक वीज सोडून तपासलं. "वाट मोकळी करू," ते म्हणाले, "पण उशीर केलात. किती पेशी पुन्हा बोलतील, सांगता येत नाही." ऑपरेशन उद्या आहे. मला धडकी भरलीय. तुम्हाला हात जोडून सांगते, बोटांना सारख्या मुंग्या येत असतील तर हात झटकून मोकळे होऊ नका. दाखवा कुणालातरी.

आत्ता चिमी मालकांच्या मांडीवर आहे. तिने हे बोट धरलंय. मालकांनी मान वाकवून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं.

"हात गार नाही ना गं तिचा?" त्यांनी लेकीला विचारलं.

लेकीने चिमीच्या मुठीला हात लावला. "नाही, बाबा. छान ऊबदार आहे."

हे मी त्यांना सांगायला हवं होतं.